नोकरी सांभाळून एंड्युरन्सचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारी स्पर्धेचा, सराव कसा बसवायचा? (४० किमी, पहिलीच वेळ)

दिवेघाटवाली

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय. आज लिहायला बसले, कारण काल रात्री साडेअकराला वहीत पुढचा आठवडा आखत होते आणि नवरा मागून डोकावून म्हणाला, "अगं, आठ दिवस धरलेस तू." खरंच धरले होते. बुधवार दोनदा लिहिला होता.

तर परिस्थिती अशी. वय ४१, राहायला हडपसर, नोकरी बँकेत. सव्वानऊला घर सोडते, परत यायला सात वाजतात. मार्चएंडला किती वाजतात ते विचारू नका. मुलगी आठवीत. सुट्टी म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार, आणि रविवार. कॉलेजात असताना एनसीसीच्या रिमाउंट स्क्वाड्रनमध्ये दोन वर्षं घोड्यावर बसले, मग पंधरा वर्षं घोड्याचं तोंडही पाहिलं नाही.

घोडी पाकोळी. काठेवाडी जातीची, कुमैत म्हणजे तांबूस रंगाची, नऊ वर्षांची. कान असे आत वळलेले की समोरून पाहिलं तर टोकं एकमेकांना टेकतात. मामाने हौसेने सारंगखेड्याच्या बाजारातून आणली होती. मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घोडी आपसूक माझ्याकडे आली. म्हणजे बसते मी, ती राहते मामाच्याच शेतावर, सासवडच्या पुढे जेजुरी रस्त्यावरून आत. एका बाजूला सीताफळाच्या बागा, दुसऱ्या बाजूला मुरमाड माळ. सरावाला जागा म्हणाल तर सोन्यासारखी.

अडचण आहे मधल्या दिवेघाटाची. पहाटे निघाले तर ५० मिनिटांत पोचते. संध्याकाळी निघाले तर दीड तास, आणि पुढे कंटेनर लागला की रामकृष्णहरी. पोचल्यावर खरारा, खोगीर, तंग यात वीस मिनिटं. परत आल्यावर तिला थंड करणं, पाय धुणं, पाठ पुसणं यात अर्धा तास. थोडक्यात, पाऊण तास घोड्यावर बसायचं तर साडेतीन तास काढावे लागतात. आणि जिथे वाचावं तिथे लिहिलेलं, आठवड्यातून चार-पाच दिवस काम हवं.

फेब्रुवारीत ४० किमी करायची इच्छा आहे. आता पोळा झाला, म्हणजे हातात साधारण सहा महिने आहेत.

आता कबुली. आठवडाभर जमलं नाही म्हणून गेल्या रविवारी सगळी कसर एकदम काढली. २६ किमी, त्यात निम्मं दुडकीने. घोडी छान चालली, मला फार अभिमान वाटला. सोमवारी सकाळी मामाचा फोन, "डावा पुढचा पाय भरलाय." नशिबाने पितृपंधरवड्याआधीची एक रजा शिल्लक होती, गेले. गुडघ्याखालच्या नळीच्या मागून बोटं फिरवत खाली आणली तर मध्ये एका जागी गरम लागलं, चहाच्या कपाच्या बाहेरून लागतं तसं. लंगडत नव्हती, पण पाय दाबल्यावर तिने मान वळवून माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. डॉक्टर येऊन गेले, टेंडन फाटलेला नाही म्हणाले, तीन आठवडे फक्त हाताने चालवायला सांगितलंय.

विचारायचं ते एवढंच: आठवड्यात तीनच दिवस मिळाले तर होतं का हे? मामाकडे कामाला एक पोरगा आहे, १९ वर्षांचा, जनावरात चांगला पण घोड्यावर बसत नाही. त्याच्याकडून काय करून घेता येईल? आणि या वर्षी सोडून द्या असं तुमचं मत असेल तर तेही स्पष्ट सांगा. रागावणार नाही.

वीकेंड_स्वार

ताई, उगाच टेन्शन घेताय. मी कोल्हापूरकडे आठवडाभर दुकानात असतो आणि रविवारी एकदम ३०-३५ मारतो. घोडं तगडं असेल तर काही होत नाही. भीमथडीची तट्टं यमुनेचं पाणी पिऊन आली, त्यांनी काय आठवड्याचा तक्ता आखला होता का? थोडं सुजलं असेल, बर्फ लावा.

जुना रिसालदार

वीकेंड_स्वार, भीमथडीची तट्टं यमुनेपर्यंत गेली ती रोज चालत गेली. आठवडाभर ठाणावर बांधून रविवारी दिल्ली गाठली नाही कोणी.

बेटा दिवेघाटवाली, मी आरव्हीसीत, म्हणजे लष्कराच्या घोडे आणि पशुवैद्यक दलात, २६ वर्षं काढली, त्यातली बरीच मेरठला. आता साताऱ्याला असतो, घोडा नाही, दोन म्हशी आहेत. तुझं लिहिणं वाचून पहिलं सांगतो, तू वेळ मोजतेस तो स्वतःचा. घोडीचा मोज. ती चोवीस तास मोकळी आहे. तिला चालवायला दर वेळी तूच पाहिजेस असं कुठे लिहिलंय?

तो १९ वर्षांचा पोरगा म्हणजे तुझी लॉटरी. त्याला बसवू नकोस. मोरकी आणि लांब बागडोर दे, आणि रोज सकाळी पाऊण तास घोडीबरोबर चालायला लाव. नुसतं फिरवायचं नाही, ठणकावून चालवायचं. घोडं पाय ओढत चालतं तेव्हा त्याचा काही फायदा नसतो. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडला पाहिजे. पोराला हे ठसे ओल्या मातीत दाखवून ठेव, एकदा कळलं की तो स्वतःच बघत जाईल. त्यातली वीस मिनिटं डांबरी रस्त्यावर, फक्त चालीने. आम्ही घोड्याचे पाय कणखर करायला हेच करायचो. डांबरावर दुडकी मात्र अजिबात नको.

दरवर्षी अंकलीहून माउलींचे अश्व आळंदीला चालत येतात, तू पाहिले असशील. पुढे वारीत ते तुझ्याच घाटाने चढतात. कोणी त्यांना पळवत आणत नाही. रोजचा मुक्काम ठरलेला, रोजची चाल ठरलेली. आणि मग रिंगणात सोडले की कसे धावतात ते बघ.

दुसरं तुझ्यासाठी. स्वार दमला की पिशवीसारखा बसतो, आणि मग घोड्याची पाठ लागते. आमच्या लांब मार्चमध्ये थोडी दुडकी, थोडी चाल आणि मग उतरून घोड्याबरोबर पायी, असा क्रम असायचा. उतार आला की उतरायचंच. ते तुला एंड्युरन्समध्येही चालतं, घोड्याशेजारी पळायला बंदी नाही. म्हणजे हडपसरात सकाळी तू जी धावशील ती पाकोळीच्याच खात्यात जमा. तुझी बँकेची भाषा.

एक मात्र जुनं सांगतो, तापलेल्या घोड्याला लगेच पाणी दाखवू नकोस. अर्धा तास जाऊ दे.

दिवेघाटवाली

काका, पावलांच्या ठशाचं आजच पोराला सांगितलं फोनवर. त्याने लगेच फोटो पाठवला, मागचा खूर चार बोटं मागे पडतोय. "आळशी आहे" असा शेरा खाली.

धावायचं म्हणताय खरं, पण मी शेवटची धावले ती लोकल पकडायला, २००९ साली, मुंबईत बदली होती तेव्हा.

गुरांचा डॉक्टर

बारामतीकडे प्रॅक्टिस, गाई-म्हशी जास्त, पण भागात हौशी घोडेवाले वाढलेत त्यामुळे हाही अभ्यास झाला. मॅडम, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा, तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. "बरी दिसतेय" म्हणून सतराव्या दिवशी बसू नका.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य "घोडी छान चालली" हे आहे. तिथेच माणूस फसतो. घोड्याचा दमसास लवकर सुधारतो. नियमित काम मिळालं तर हृदय आणि स्नायू सहा-आठ आठवड्यांत फरक दाखवतात. टेंडन आणि लिगामेंटला कित्येक महिने लागतात. हाडं आणि खूर त्याहून मागे, तिथे वर्षाच्या हिशोबाने बोलायचं. म्हणजे दोन महिन्यांनी अशी वेळ येते की घोडी आतून म्हणते "चल अजून दहा किलोमीटर", आणि पाय त्याला तयार नसतात. तिला ते कळत नाही. वीकेंड_स्वार यांच्या घोड्यालाही कळत नसणार. त्यांचं आजवर निभावलं याचा आनंद आहे.

तुमचे तीन दिवस पुरतात. खरं तर घोड्याला रोज जोराचं काम देऊच नये, दोन कामांच्या मध्ये शरीर दुरुस्त व्हायला जागा हवी. रिसालदार काकांची चाल रोज चालू ठेवा, तुमचं बसणं आठवड्यातून दोनदा, त्यातलं एक लांब. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा: अंतर, नाहीतर वेग, नाहीतर चढ. तिन्ही एका रविवारी वाढवले की सोमवारी मामांचा फोन येतो.

आकडे लिहून ठेवायची सवय लावा. स्वस्तातला स्टेथोस्कोप घ्या. डाव्या कोपराच्या मागे, तंग जिथे बसतो त्याच्या आसपास लावायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. घोडं निवांत असताना मिनिटाला साधारण ३० ते ४० ठोके असतात. सकाळी चंदीच्या (दाण्याच्या) आधी घेतलेला आकडा हा तिचा पाया. एखाद्या दिवशी काही कारण नसताना तो आठ-दहाने जास्त आला तर त्या दिवशी काम नाही, आधी ताप बघा, पोट बघा, पाय बघा.

स्पर्धेत व्हेट गेटला, म्हणजे पशुवैद्यकाच्या तपासणी नाक्यावर, बहुतेक ठिकाणी ६४ ठोक्यांची मर्यादा असते आणि ठरावीक मिनिटांत तिथे उतरावं लागतं. नाही उतरली तर बाद, कितीही पुढे असलात तरी. त्यामुळे सरावात घड्याळ कशासाठी लावायचं तर किती वेळात पोचलात यापेक्षा किती मिनिटांत ६४ च्या खाली आली यासाठी. दहा मिनिटांत येत असेल तर वेग बरोबर आहे. वीस लागत असतील तर तुम्ही तिच्या आवाक्याबाहेर चालवलंत. याला वेळ वेगळा लागत नाही, तुम्ही तसाही अर्धा तास तिला थंड करण्यात घालवताच.

काकांचा पूर्ण आदर ठेवून, पाण्याचं पटत नाही. तापलेल्या घोड्याला पाणी तोडणं ही जुनी समजूत आहे. लांब अंतराच्या घोड्याने वाटेत मिळेल तिथे प्यायलाच हवं. जोराच्या कामात, गरमीत घोडं तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतं आणि तो घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो. पाणी तोडलंत तर आतडी मंदावतात, पोटशूळाला आमंत्रण. अंगावरही गार पाणी ओतत राहा, मान, छाती, पायांच्या आतली बाजू. चंदीत रोज मीठ घाला, साधं मीठ. पण न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात क्षारांची पेस्ट कोंबू नका, त्याने उलटं नुकसान होतं.

आणि एक, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी निम्म्यावर आणा, कडबा-घास हवा तेवढा. आठवडाभर भरपूर दाणा, काम शून्य आणि मग अचानक जोर, यात काही घोड्यांचे मागचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. मी दोन पाहिलेत. दोन्हींत मालक म्हणत होता, "आधी दोन दिवस चांगली विश्रांती दिली होती डॉक्टर, आणि खायला तर काहीच कमी नव्हतं."

वजनाचंही बघा. खोगीर-बिगीर धरून स्वार घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावा हा ढोबळ हिशोब. काठेवाडी अंगाने मोठी नसते.

दिवेघाटवाली

डॉक्टर, मी ६१, खोगीर-नमदा-पाण्याच्या बाटल्या मिळून ९. पाकोळी वजनकाट्यावर कधी चढली नाही, पण छातीच्या घेरावरून मामा ३७० म्हणतो. म्हणजे काठावर पास. उद्यापासून गुरुवारची वडापावची गाडी बंद.

चंदीचं मात्र चुकलं होतं. मी येत नाही त्या दिवशी मामा तिला "बिचारी" म्हणून मूठभर हरभरा जास्तच घालत होता.

सॅक्रामेंटोची कोकणस्थ

दिवेघाटवाली, तुझं वाचून एकटीच हसले, कारण आठ दिवसांचा आठवडा मीही आखलाय. माहेर चिपळूण, गेली चौदा वर्षं कॅलिफोर्निया. मी नर्स आहे, बारा तासांच्या पाळ्या, दोन मुलं. राहते तिथून ऑबर्न जवळ. ऑबर्न म्हणजे टेव्हिस कपचं गाव, १९५५ पासून चालू असलेली १०० मैलांची राइड, सिएरा नेवाडा डोंगर ओलांडून २४ तासांच्या आत पोचायचं. बहुतेक पौर्णिमेच्या आसपास ठेवतात, कारण शेवटचा टप्पा रात्रीच असतो. मी अजून ती केलेली नाही आणि कदाचित करणारही नाही. मी २५ मैलवाली, म्हणजे तुझ्या ४० किमीवाली. आतापर्यंत सहा पूर्ण, दोनदा बाद. एकदा लंगडल्यामुळे, एकदा ठोके उतरले नाहीत म्हणून, आणि ती चूक पूर्ण माझी.

आमच्याकडे २५ मैलांना सहा तास देतात. म्हणजे मधल्या थांब्यासकट ताशी सात किमीच्या आतबाहेर. माणूस पळायला जातो आणि तिथेच मरतो. या अंतरात तुमची वेळ अंतिम रेषेला थांबतच नाही. ठोके ठरलेल्या आकड्यावर उतरले की मग थांबते. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं नियम विचित्र आहे. मग एकदा माझ्याआधी आठ मिनिटं पोचलेला माणूस घोड्याच्या मानेवर पाणी ओतत उभा राहिला आणि मी त्याच्या आधी पूर्ण झाले, तेव्हा तो मला फार सुंदर नियम वाटला.

वेळेचं म्हणशील तर माझी तीन गुपितं आहेत. गुपितं कसली, तडजोडी.

मी घोडा विकत घेतलेला नाही. अर्ध्या लीजवर आहे. मूळ मालकीण सत्तरीची, ती बुधवारी आणि शुक्रवारी बसते, मी दोन दिवस. खर्च अर्धा आणि अपराधी भाव तर पाव. तुझ्या आसपास सासवड-जेजुरीकडे कोणी बसणारी मुलगी असेल, जिला घोडं नाही पण हात हलका आहे, तर तिला एक दिवस दे. मला माहीत आहे, आपलं घोडं दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नाही. मालकिणीने मला दिलं तेव्हा तिने पहिले दोन महिने कुंपणावर बसून पाहिलं. तूही पाहा.

दुसरं, जाणंयेणं. तुझा खरा वेळ दिवेघाट खातोय, घोडी नाही. तू मामाकडे रात्री राहत का नाहीस? आदल्या रात्री ऑफिसातून सरळ तिकडे जा, नऊला पोच, जेव, झोप, सकाळी साडेपाचला खोगिरावर, साडेसातला उतर, आंघोळ करून तिथूनच बँकेत. म्हणजे एका खेपेत दोन तासांचं बसणं. मी पाळी संपवून असंच करते, तबेल्याजवळ गाडीत झोपते. मुलांना वाटतं आई कॅम्पिंगला जाते.

तिसरं म्हणजे घरच्यांना आत ओढ. माझा नवरा घोड्याला घाबरतो, अजूनही. पण स्पर्धेत तो क्रू असतो, बादल्या भरतो, गाजरं कापतो, मला ओरडतो की टोपी घाल. आठवीतली मुलगी म्हणजे ठोके मोजायला उत्तम वय. त्यांना गणित आवडत नाही पण घड्याळावर हुकूम सोडायला आवडतं.

इकडे एंड्युरन्सवाले म्हणतात, पूर्ण करणं हेच जिंकणं. पहिल्या वर्षी त्याहून मोठं काही ठरवू नकोस.

वीकेंड_स्वार

डॉक्टरांचं वाचून काल दुकान लवकर बंद केलं आणि स्टेथोस्कोप आणला. १२ किमी हलकंच केलं, तरी ६४ ला यायला २४ मिनिटं लागली. मी गप्प बसतो आता.

जुना रिसालदार

डॉक्टरसाहेब, पाण्याबाबत मुलाला विचारलं. तोही व्हेट आहे, अहमदाबादला. तो तुमच्याच बाजूने बोलला. आम्हाला तसं शिकवलं होतं, आम्ही तसं केलं. पाजू दे पोरीला पाणी.

वीकेंड_स्वार, गप्प बसू नका. २४ चे १४ झाले की कळवा.

दिवेघाटवाली

मंडळी, अडीच महिन्यांनी येतेय. दिवाळी, ऑडिट आणि मुलीची सहामाही परीक्षा तिन्ही एकदम होऊन गेलं.

पाय पूर्ण उतरला. तीन आठवड्यांचे मी पाच केले, डॉक्टरांनी न सांगता. त्या पाच आठवड्यांत पोरगा रोज पहाटे तिला घेऊन जेजुरी रस्त्याच्या बाजूने चालायचा. आता मागचा खूर पुढच्या ठशाच्या तीन बोटं पुढे पडतो. हे मोजायला तो शाळेतली जुनी पट्टी खिशात ठेवतो. त्याचं स्वतःचं वजनही चार किलो उतरलंय, त्याची आई माझ्यावर नाराज आहे.

मंगळवारी रात्री मामाकडे राहणं सुरू केलंय. पहिल्या मंगळवारी फार वाईट वाटलं, मुलीने रात्री दहाला फोन करून विचारलं की मोजे कुठे आहेत. दुसऱ्या मंगळवारी फोन आला नाही, त्याचं त्याहून वाईट वाटलं. पण बुधवारी पहाटे माळावर कोणी नसतं. जेजुरीच्या बाजूने उजाडायला लागतं, कऱ्हेवरून गार वारा येतो, आणि घोडीचे कान सतत हलत असतात, एक माझ्याकडे, एक पुढे. धनगरांची कुत्री तेवढी त्रास देतात. त्यांना मी नावं ठेवून हाका मारते, एक आता ऐकतो.

बुधवारी १० ते १२ किमी, त्यात दुडकी निम्म्याहून कमी. सुट्टीच्या शनिवारी लांबचं, सध्या २२ वर आहे, सुट्टी नसेल तर तेच रविवारी. दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणते. सासवडची एक मुलगी मिळालीय, अकॅडमीत शिकलेली, पोलीस भरतीची तयारी करते. ती शुक्रवारी एक तास चालीने आणि चढावर बसते. मी कुंपणावर बसून पाहू शकत नाही, त्या वेळी बँकेत कॅश टॅली करत असते. पण पोराला फोनवरून व्हिडिओ काढायला लावते, आणि तो बहुतेक वेळा फक्त शेपटीचा काढतो.

धावणं. हडपसरला कॅनॉलच्या कडेने पहिल्या दिवशी ४०० मीटर धावले आणि झाडाला धरून उभी राहिले. आता अडीच किमी होतात. उतारावर उतरून तिच्याबरोबर पळायचं जमतंय, फक्त ती माझ्यापेक्षा जोरात चालते, म्हणजे ती चालते आणि मी पळते.

गेल्या शनिवारी मामाच्या ओसरीवर खोटं व्हेट गेट केलं. नवरा बादल्या घेऊन, मुलगी स्टेथोस्कोप कानात घालून. २२ किमी, दोन तास पाच मिनिटं. उतरले तेव्हा ९२. मुलीने दर दोन मिनिटांनी आकडा ओरडून सांगितला, मामा तो वहीत लिहीत होता. ८०, ७६, मग पुन्हा ७८ आले, कारण शेजारच्यांची गाय आत शिरली आणि पाकोळीने मान वर केली. नवऱ्याने गाय हाकलली. बाराव्या मिनिटाला ६४, तेराव्याला ६०. घोडी दीड बादली प्यायली आणि उरलेल्यात तोंड घालून फुरफुरली, त्यामुळे मुलीचा शर्ट गेला. मग रीतसर दुडकीत पळवून दाखवली, सरळ जाऊन सरळ परत. डाव्या पायाकडे मी एवढी टक लावून बघत होते की मामा म्हणाला, "नजर लावू नकोस."

हे सगळं लिहायचं कारण मात्र वेगळंच. नालबंद. आमचा नेहमीचा फक्त गुरुवारी येतो, गुरुवारी मी नसते, आणि मागच्या वेळी त्याने पुढचे खूर इतके कमी केले की घोडी चार दिवस खड्यांवरून वाकडी चालत होती. हा वेळ तर कुठल्याच तक्त्यात धरला नव्हता. सासवड, जेजुरी, अगदी फलटणकडचासुद्धा चालेल, शनिवारी येणारा कोणी असेल तर सांगा. येण्याजाण्याचे पैसे वेगळे देईन, आणि मामी जेवल्याशिवाय सोडत नाही.